पुस्तक पालथं ठेवा

मी वाचन शिकवते. हे ऐकून समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे मराठी साहित्य?" मी म्हणते, नाही, वाचन. "लहान मुलांना?" नाही, मोठ्यांना. मग त्याचा चेहरा असा होतो, की या बाईला एवढं एम.ए. करून हेच काम मिळालं का. मिळालं नाही, मी मागून घेतलं. पण प्रत्येकाला हे सांगत बसायला वेळ नसतो.

कोल्हापुरात आमच्या कॉलेजच्या मागच्या बाजूला एक बैठी इमारत आहे. तिथे कम्युनिटी कॉलेज चालतं. शाळा मध्येच सुटलेली, लग्न झालेली, कारखान्यातून काढलेली, अशी माणसं तिथे वर्षभराचे कोर्स करायला येतात. वायरिंग, शिलाई मशीनची दुरुस्ती, रुग्ण सहायक. कोर्स कुठलाही असो, वाचनाचा पेपर सगळ्यांना असतो, आणि तो माझा.

माझ्या वर्गात अक्षरओळख नसलेलं कोणी नसतं. सगळ्यांना वाचता येतं. पान हातात दिलं की धडाधडा वाचतात. वाचून झाल्यावर मी म्हणते, "पुस्तक पालथं ठेवा. आता सांगा, काय होतं त्यात?" मग सगळे पंख्याकडे बघतात.

माझी सगळी पद्धत एवढीच आहे. एक परिच्छेद वाचायचा, पान पालथं ठेवायचं, आणि शेजारच्याला आपल्या बोलीत सांगायचं. पुस्तकातली वाक्यं वापरायची नाहीत. त्यात काही करायला सांगितलं असेल तर उठून करून दाखवायचं. वाचलं म्हणजे हात हलला पाहिजे. हात हलला नाही तर तो नुसता आवाज.

ही पद्धत मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नाही. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न बनवायचे. आईला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि मी चुलीजवळ बसून पेपर वाचून दाखवायचे. दोन ओळी झाल्या की आईचा हात थांबायचा.

"हे पेपरातलं बोलू नगंस. नीट सांग. काय झालंय?"

"अगं तेच वाचतेय ना."

"वाचतीयास व्हय? मला तर नुसती कावकाव ऐकू यायलीया. कोन मेलं, कोन पळालं, कुणाचं काय नडलं, ते सांग."

मग मला ती बातमी आधी स्वतः समजून घ्यावी लागायची. पाणीपट्टी वाढली म्हणजे काय, कुणाची वाढली, आपली वाढली का. आईला सांगता आलं नाही तर भाकरी उशिरा मिळायची. दुसऱ्या दिवशी तीच बातमी ती नळावर सांगायची, पदरचं थोडं घालून. तिथल्या बायकांना वाटायचं, ही पेपर वाचते.

पुढे मी एम.ए. केलं. काही वर्षं ज्युनिअर कॉलेजला कविता शिकवल्या. मुलं कवितेचा भावार्थ पाठ करून लिहायची आणि मी गुण द्यायचे. कंटाळा आला. मागच्या इमारतीत वाचनाला माणूस हवाय असं कळल्यावर मी अर्ज केला. सहकारी म्हणाले, डोकं फिरलंय हिचं. असेल.

मला स्वतःला वाचायला काय आवडतं असंही लोक विचारतात, आणि उत्तर ऐकून निराश होतात. मला मिक्सरबरोबर येणारं माहितीपत्रक आवडतं. रेल्वेचं वेळापत्रक, विणकामाचे नमुने, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद. आणि खुनाच्या गोष्टी. त्या मी शेवटचं पान आधी वाचून वाचते. खुनी कोण हे कळलं की बाकीचं निवांत बघता येतं. नवऱ्याला माझी ही सवय अजिबात पटायची नाही. लायब्ररीतून पुस्तकं तोच आणायचा आणि माझ्या हातात देण्याआधी शेवटच्या पानांना रबरबँड लावायचा.

नवऱ्याचं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तो दुकानातच गेला. सकाळी डबा घेऊन गेला होता, दुपारी शेजारच्या वेल्डरचा फोन आला. हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यांनी त्याचं घड्याळ, पाकीट आणि खिशातला रुमाल एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मला रडू आलं नाही. जमलेल्या बायकांनी ते नीट लक्षात ठेवलं. तेरावं झालं, मुलगी पुण्याला परत गेली, मी कॉलेजला गेले. सुट्टी शिल्लक होती, पण घरी बसून काय करणार?

कॉलेजात सगळं पहिल्यासारखं चालू झालं. मी वेळेवर जायचे, हजेरी घ्यायचे, शिकवायचे. काही दुखत नव्हतं. दाढ काढताना सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं काहीतरी सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवायचे, पण जेवण झालं की नाही हे ताट बघून ठरवावं लागायचं. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मी कोणाला सांगितली नाही. मला वाचता येईना. म्हणजे डोळे ओळीवरून जात, अक्षरं दिसत, शब्द कळत. पान संपलं की हातात काही नसे. रबरबँड लावलेलं शेवटचं पुस्तक मी कितीदा उघडलं, खून कोणाचा झालाय इथपर्यंतही पोचले नाही.

त्याच वर्षी रुग्ण सहायक कोर्सला हुपरीहून एक बाई आली. वर्गात सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही मावशीच म्हणायचे. वयाने माझ्यापेक्षा लहान, चाळिशीच्या आतली. घरात चांदीचं काम. सासू, जाऊ आणि ती, तिघी एकाच खोलीत पाटावर बसून पैंजणाच्या कड्या जोडायच्या. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, हा कोर्स कशाला घेतला. बाकीच्यांनी सेवा वगैरे सांगितलं. मावशी म्हणाली, "उठलं की तीच खोली, निजलं की तीच खोली. एस्टीत बसतो तवा मला कळतंय, सकाळ झाली म्हणून."

वर्ग हसला. तीही हसली.

"घरचे तयार झाले?"

"सासूबाई म्हणाल्यात, एक वरीस जा. पास झालीस आन नोकरी लागली तर तुझं तू बघ. न्हाय झालीस तर परत गप पाटावर बसायचं. फुडं नाव काढायचं न्हाय."

कोर्स संपला की पास झालेल्यांना शहरातलं एक हॉस्पिटल वॉर्डात घेणार होतं. बाकीचं काम मावशीला शिकवावंच लागलं नाही. चादर ताणून घालणं, रुग्णाला धरून उठवणं, सगळं तिच्या हातात होतं. प्रश्न उरला वाचनाच्या पेपरचा.

मावशी सुरेख वाचायची. एवढं अस्खलित वाचन माझ्या वर्गात कोणी केलं नव्हतं. तिचं माहेर नृसिंहवाडीजवळचं. वडिलांनी तिला लहानपणी पोथी वाचायला शिकवलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली, पोथी सुटली नाही. अजूनही वर्षाला पारायण करायची. त्यामुळे तिच्या हातात काहीही दिलं, अगदी जंतुनाशक पातळ कसं करायचं याचा कागद दिला, तरी ती तो पोथीच्या चालीवर वाचायची. ओळीच्या शेवटी तोच हेलकावा. आणि मध्ये थांबायची नाही. मी "थांबा" म्हटलं तरी डोळ्यांनी मला गप करून शेवटपर्यंत जायची.

"मी थांबा म्हटलं होतं."

"सुरू केल्यावर मदी थांबत न्हाईत, मॅडम. बोलतबी न्हाईत."

"ठीक आहे. आता पान पालथं ठेवा आणि सांगा."

सगळ्यांनी कागद पालथे ठेवले. मावशीने आपला कागद कपाळाला लावला आणि मांडीवर नीट सुलटा ठेवला.

"पालथा, मावशी."

"पालथं न्हाय ठेवायचं, मॅडम. पाप लागतंय."

"ही पोथी नाही. फिनेलचा कागद आहे."

"अक्षर तर तेच हाय की."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, फिनेलला हळदकुंकू वाहा आता." पुन्हा हशा. मी पुढच्या माणसाकडे वळले. एरवी मी अशा गोष्टीच्या मागे लागले असते. कुठल्या माणसाचं कुलूप कुठे आहे, हे शोधण्यातच मला या कामाची गोडी होती. त्या वर्षी मी नुसती पुढे सरकत होते.

सहामाहीला आम्ही सराव परीक्षा घेतो. बाकांची खाट करतो, एकीला रुग्ण म्हणून झोपवतो. विद्यार्थ्याने सूचनांचा कागद वाचायचा आणि त्याप्रमाणे करायचं. मावशीला ऑपरेशनच्या आधीच्या सूचना आल्या. तिने त्या पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत चालीवर म्हटल्या. रुग्णाला तोंडाने काहीही देऊ नये, पाणीही देऊ नये. दागिने काढून नातेवाइकांकडे द्यावेत. नखांचा रंग पुसावा. सगळं ऐकू आलं, खणखणीत.

बाकावर झोपलेली पोरगी वर्गातली सगळ्यात वात्रट. तिने डोळे अर्धे मिटून आवाज काढला. "मावशी, घसा कोरडा पडलाय वो. घोटभर पाणी."

मावशीने कागद ठेवला, बाटली उघडली, तिच्या मानेखाली हात घातला आणि व्यवस्थित पाणी पाजलं.

"गेला की पेशंट वर!" कोणीतरी ओरडलं.

"गेला तर गेला," मावशी म्हणाली. "तान्हेला तरी गेला न्हाय."

वर्ग बराच वेळ हसत होता. मी विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं?" मावशीने डोळे मिटले आणि सगळ्या सूचना पुन्हा पाठ म्हणून दाखवल्या. एक शब्द चुकला नाही. पाणीही देऊ नये, हेसुद्धा म्हटलं, बाटली हातात धरून.

मी तिला नापास केलं. दुसरं काही करता आलं नसतं. वर्षाखेरीची परीक्षा शेवटची, आणि ती घ्यायला हॉस्पिटलच्या मेट्रन येणार होत्या. त्यांच्यासमोर हेच झालं तर मावशी परत पाटावर, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने बाटलीला झाकण लावलं आणि पिशवी उचलून गेली. तिची एस्टी गेली का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या एका दिवशी मी वर्गात एक उतारा वाचून दाखवत होते. नमुना म्हणून मी कधी कधी वाचते, पान पालथं ठेवते आणि सांगते. उतारा साधा होता, ताप कसा मोजायचा. मी वाचला. पान पालथं ठेवलं. आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. ताप हा शब्दसुद्धा नव्हता. सगळे वाट बघत होते. पंख्याकडे बघण्याची पाळी माझी होती.

"मग, मॅडम?" मावशी म्हणाली. अगदी आमच्या आईच्या सुरात.

"मला कळलं नाही," मी म्हटलं. "पुन्हा वाचते."

पुन्हा वाचलं. निम्मं सांगता आलं. तास संपला.

सगळे गेल्यावर मावशी मागे राहिली. तिच्या एस्टीला वेळ होता. ती बाक सरळ करत होती, मी फळा पुसत होते.

"मॅडम, तुमास्नीबी तसंच व्हतंय व्हय?"

"कसं?"

"वाचायचं चालू, आन आत कायबी जात न्हाय."

"आता होतंय. आधी होत नव्हतं."

"मालक गेल्यापासनं?"

मी हो म्हटलं. कोल्हापुरात सगळ्यांना सगळं माहीत असतं.

"आमी पोथी वाचतो तवा तसंच असतंय," ती म्हणाली. "ते कळायसाठी नसतंयच की."

"मग कशासाठी असतं?"

तिने बाकाच्या कडेवरून हात फिरवला. "वाचतो तवर दुसरं काय डोक्यात येत न्हाय. वाचून झालं की दिस गेलेला असतोय."

तिला कुठले दिवस घालवायचे होते, हे मी विचारलं नाही. तिनेही माझं काही विचारलं नाही. ते बरं झालं. पण घरी जाताना मी तिच्या बोलण्यावर विचार केला, आणि बऱ्याच आठवड्यांनी मी एखाद्या गोष्टीबद्दल विचार करत होते. तिच्या वाचनात चूक नव्हती. ते दुसऱ्या कामाचं वाचन होतं. त्याचे नियम ती पाळत होती, आणि मी ते नियम मोडायला सांगत होते. नियम मोडायचे नसतील तर त्यांच्या आत जागा शोधायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "पोथी मध्ये थांबवत नाहीत. पण अध्याय संपल्यावर?"

"अध्याय झाल्यावर चालतंय की. पाणी प्यावं, बोलावं."

मी पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावर प्रत्येक परिच्छेदाखाली बारीक अक्षरात लिहिलं, अध्याय समाप्त. मावशीने ते बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

"लई बारका अध्याय हाय वो."

"ताप मोजण्याचा एवढाच असतो. आता सांगा, पोथी वाचून झाली की काय करता?"

"रुमालात बांधून ठेवतो."

"पालथी ठेवत नाही, पण झाकता."

"व्हय. उघडी न्हाय ठेवत."

झाकायला काही शोधावं म्हणून मी पर्स उघडली. आत नवऱ्याचा रुमाल होता, मोठ्या चौकड्यांचा. हॉस्पिटलच्या पिशवीतून पर्समध्ये गेला होता आणि काढायचा राहिला होता. तो मी तिला दिला. तिने पहिला अध्याय वाचला, कागदावर रुमाल पसरला आणि थांबली.

"आता सांगा. चालीवर नको. जावेला सांगता तसं."

"जावंला मी कायबी सांगत न्हाय."

"मग सासूला."

"सासूबाईंला सांगायचं म्हणजे..." तिने घसा साफ केला. "आत्याबाई, ती काचंची नळी तशीच तोंडात घालू नगासा. आधी झटकायची, पारा खाली आणायचा."

वात्रट पोरगी लगेच म्हणाली, "सुनबाई, मला शिकवतीस व्हय?"

"शिकवतो की. वरीस कशाला घातलंय मग?"

असं आम्ही उरलेले महिने केलं. रोज थोडं. मावशी वाचायची, झाकायची, सासूला सांगायची, मग उठून करून दाखवायची. चाल पूर्ण गेली नाही. मावशी कंटाळली की चाल परत यायची, मग पेन्सिलीची खूणही दिसायची नाही आणि ती तीन-तीन अध्याय पार करून जायची. मी फार काही बोलत नसे. मी स्वतः माझ्या टेबलावर तसंच करून बघत होते, दुसऱ्या एका रुमालाने. कधी जमे, कधी नाही.

परीक्षेच्या दिवशी मेट्रन आल्या. उंच, कडक, चष्मा गळ्यात. त्यांनी आपले कागद आपणच आणले होते, त्यामुळे पेन्सिलीच्या खुणा नव्हत्या. मी शेजारी बसायचं होतं, बोलायचं नव्हतं. मावशीने रुमाल कमरेला खोचला होता.

तिला आलेला कागद अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलण्याचा होता. तिने तो कपाळाला लावला. मेट्रननी भुवई वर केली. मावशी वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीतच चाल आली. ठरलेला हेलकावा, खणखणीत. पहिला परिच्छेद संपला. ती थांबली नाही. दुसरा सुरू झाला. मला कळलं, झालं. एकदा सुरू केल्यावर मध्ये थांबत नाहीत, आणि खुणा नसल्यावर सगळा कागद एकच अध्याय होता. वेल्डरचा फोन आला तेव्हा जसं काही वाटलं नव्हतं तसंच आताही वाटत नव्हतं. फक्त टेबलाखाली मी एक हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

दुसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याच्या मध्यावर, एका शब्दानंतर, मावशी थांबली.

असं थांबलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तीही घाबरली असावी. तिने कमरेचा रुमाल काढला, कागदावर पसरला आणि त्यावर हात ठेवला.

"काय झालं?" मेट्रन म्हणाल्या.

"मला ह्यातलं कायबी कळलं न्हाय. परत पयल्यापासनं वाचतो."

"मग थांबलात कशाला? सगळं वाचून झालं असतं ना."

"सगळं वाचून झालं असतं, आन हातात काय आलं नसतं. पेशंट तसाच पडला असता की."

मेट्रननी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"वाचा," त्या म्हणाल्या.

या वेळी ती अडखळत वाचू लागली. चाल नव्हती. शब्द सुटे सुटे, कुठे मागे जाऊन पुन्हा. कानाला ते वाईट वाचन होतं. प्रत्येक परिच्छेद संपला की कागद झाकला. मग उठली, बाकावर झोपलेल्या पोरीचा गुडघा दुमडला, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि स्वतःकडे वळवलं. पाठीला उशी लावली. पोरगी त्या दिवशी गप पडून होती.

"पाठ लाल दिसली तर?" मेट्रननी विचारलं.

"माझा हात तेलाच्या बाटलीकडं जाणार बघा. आमच्याकडं चोळत्यात. पर हितं चोळायचं न्हाय म्हणून लिवलंय. तशीच ठेवायची, सिस्टरला सांगायचं."

"आणि वॉर्डात कागद कळला नाही तर?"

"असंच थांबीन. लई येळा थांबीन. तुमास्नी कटाळा यील."

"कंटाळा मी बघून घेईन," मेट्रन म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं. पुढच्या माणसाला बोलवा म्हणून मला खूण केली.

मावशी पास झाली. पहिल्या पाचात नव्हती, पण पास. निकाल लागला त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे मला म्हणाले, तुम्हाला किती बरं वाटलं असेल. मी हो म्हटलं. बरं वाटायला हवं होतं हे मला कळत होतं. ते कुठेतरी ठेवून दिलं.

वॉर्डात रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती कॉलेजात आली. नृसिंहवाडीला जाऊन आली होती, कवठाची बर्फी आणली होती. मी एक तुकडा तोंडात टाकला. कवठाची बर्फी आंबटगोड असते, हे मला आठवत होतं.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता तुझा डबा कोन करणार? मी म्हणालो, मीच करतो की, आजवर कोन करत हुतं?"

"आणि जाऊबाई?"

"तिनं माझा पाट धुऊन भिंतीला लावून ठेवलाय. म्हणती, आलीस तर हाय. मी म्हणालो, त्याच्यावर तू तुझी कुंडी ठेव."

मग तिने पिशवीतून रुमाल काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला. मी हातात घेतला. साबणाचा वास होता, दुसरा कुठला नव्हता.

"ठेवा तुम्ही," मी म्हटलं. "वॉर्डात कागद खूप असतात."

"मालकांचा हाय न्हवं?"

"हो. त्याचे शर्ट लोक घेऊन गेले. रुमाल कोणी घेत नाही. घरी अजून आहेत. पुढच्या बॅचला लागतील."

तिने तो पुन्हा पिशवीत ठेवला. दारापर्यंत जाऊन वळली.

"तुमचं कसं हाय मग? अजून आत जात न्हाय?"

"थोडं थोडं."

"वाचत ऱ्हावा. येतो, मॅडम."

त्या संध्याकाळी मी घरी आले. बर्फी फ्रिजमध्ये ठेवली. चहा घेऊन सकाळचा पेपर उघडला. दिवसभर तो तसाच पडला होता. पहिल्या पानावरचं काही कळलं नाही, पान उलटलं. आत एका कोपऱ्यात चार ओळी होत्या. वाचल्या. रुमाल जवळ नव्हता, म्हणून त्यावर हात ठेवला. आईला सांगायचं तर काय सांगायचं? जलवाहिनीची दुरुस्ती. कुठे? आपल्या भागात. म्हणजे उद्या नळाला पाणी नाही.

मी उठले आणि बादल्या भरून ठेवल्या.